पाच मीटरांचं अंतर

उतारावरच्या बर्फात एक अरुंद वाट आहे. जेमतेम फूटभर रुंद, तुडवून तुडवून खोल गेलेली, गुलाबी-तपकिरी डागांनी माखलेली. वर खडकावर जेंटू पेंग्विनांची वसाहत आणि खाली समुद्र. या दोहोंमध्ये रोज ये-जा करून पेंग्विनांनीच ती पाडली आहे. वाटेच्या अलीकडे जाड कोट घातलेली पंधरावीस माणसं थांबली आहेत. खालून एक पेंग्विन येतोय. समुद्रातून पोटभर खाऊन आलेला, त्यामुळे चाल जड. मध्येच थांबतो, मान तिरकी करून माणसांकडे बघतो, पुन्हा चालू लागतो. तो पलीकडे जाईपर्यंत कुणीही पाऊल उचलत नाही.

अंटार्क्टिक द्वीपकल्पावर नोव्हेंबर ते मार्च या तिथल्या उन्हाळ्यात हे दृश्य रोज कुठे ना कुठे दिसतं. नियम साधा आहे. पेंग्विनापासून किमान पाच मीटर दूर राहायचं, फर सीलपासून पंधरा मीटर, आणि वाट पेंग्विनांची असेल तर आधी जाण्याचा हक्क पेंग्विनाचा. अर्धी पृथ्वी ओलांडून, लाखो रुपये मोजून आलेला माणूस इथे बाजूला होऊन वाट देतो.

या खंडावर हौशी प्रवासी १९५०च्या दशकाच्या अखेरीसच पोहोचले होते. अर्जेंटिना आणि चिलीच्या जहाजांतून त्यांच्या काही फेऱ्या झाल्या. पण आज ज्याला मोहीम-पर्यटन म्हणतात, त्याची घडी बसवली ती लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकी उद्योजकानं. १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्यानं घेऊन तो प्रवाशांची तुकडी दक्षिणेला घेऊन गेला. सोबत जाणकार घ्यायचे, रोज व्याख्यानं ठेवायची, छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर उतरायचं आणि काहीही न उचलता परत यायचं, अशी त्याची रीत. जो माणूस ही जागा डोळ्यांनी बघेल तो तिची बाजू घेईल, हा त्यामागचा विश्वास. १९६९ मध्ये फिनलंडमध्ये त्यानं खास याच कामासाठी जहाज बांधून घेतलं, ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’. बर्फाचे तडाखे सोसेल असा मजबूत सांगाडा, लाल रंग, आणि प्रवासी फक्त शंभरेक.

त्याच लाल जहाजानं पुढे या व्यवसायाला खडबडून जागं केलं. मालक बदलले, नाव नुसतं ‘एक्सप्लोरर’ उरलं, आणि २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकून त्याच्या तळाला छेद गेला. जहाजावर १५४ माणसं होती. उघड्या जीवरक्षक नौकांत थंडीनं कुडकुडत त्यांनी कित्येक तास काढले. हवा शांत होती आणि ‘नॉर्डनॉर्गे’ हे दुसरं जहाज जवळच्या पाण्यात होतं, म्हणून सगळे वाचले. जहाज मात्र त्याच दिवशी तळाशी गेलं. त्या दिवशी वारा उठला असता तर, हा प्रश्न त्या समुद्रात काम करणारी माणसं आजही विसरलेली नाहीत.

आजची बहुतेक जहाजं अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला असलेल्या उशुआइया बंदरातून सुटतात. बीगल खाडी संपली की ड्रेक सामुद्रधुनी लागते. केप हॉर्नपासून दक्षिण शेटलंड बेटांपर्यंतचं सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचं हे पाणी. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वारा आणि लाटा अडवायला जमीनच नाही. पश्चिमेचा वारा थेट घोंघावत येतो आणि या अरुंद वाटेतून घुसतो. नशीब चांगलं असेल तर दोन दिवस पोटातलं पाणीही हलत नाही. नसेल तर जेवणाच्या टेबलावर ओल्या कापडाशिवाय ताट जागेवर राहत नाही आणि जिन्यावरून चालताना एक हात सतत कठड्याला हवा. जहाजाच्या मागे भटके अल्बट्रॉस तरंगत असतात. त्यांचे पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात, आणि पंखाची एकही फडफड न करता ते लाटांच्या वाऱ्यावर तासन् तास वाहत राहतात.

याच दोन दिवसांत जहाजावर एक काम चालतं, ज्याच्याकडे प्रवासवर्णनांचं फारसं लक्ष जात नाही. प्रत्येक प्रवाशाची पिशवी, पँटचे खिसे, कोटाची शिवण, कॅमेऱ्याच्या बॅगेची चिकटपट्टी व्हॅक्यूम क्लीनरनं साफ केली जाते. शंका असेल तिथे चिमटा घेऊन एकेक कुसळ काढलं जातं. बुटांच्या तळव्यांतल्या खाचा ब्रशनं घासून जंतुनाशकात बुडवतात. हे नुसतं सोवळं नाही. किंग जॉर्ज बेटावर एका संशोधन तळाच्या आसपास युरोपातलं एक साधं लॉनचं गवत रुजलेलं आहे. ते माणसाबरोबरच आलं. ज्या खंडावर सपुष्प वनस्पतींच्या मूळच्या फक्त दोनच जाती आहेत, तिथे खिशातलं एक बी म्हणजे बाहेरचा माणूस घरात घुसण्यासारखं आहे.

पहिला हिमनग बहुतेकदा आधी रडारवर दिसतो. पण जहाजाच्या कप्तानाला मोठ्या हिमनगाची तितकी धास्ती नसते. तो दुरून दिसतो, चुकवता येतो. भीती असते ती पाण्याबरोबर डुचमळणाऱ्या, काचेसारख्या जुन्या बर्फाच्या लहान ढेकळांची. ती रडारवर धड उमटत नाहीत आणि कठीण दगडासारखी असतात. अशा बर्फात निळाई का उतरते, याचं उत्तर दाबात आहे. हजारो वर्षं बर्फावर बर्फ साचत गेलं की आतली हवा पिळून निघते, आणि घट्ट झालेलं बर्फ प्रकाशातला लाल भाग गिळून निळा तेवढा परत देतं. रबरी झोडियाक बोटीचं इंजिन बंद करून नावाडी सगळ्यांना गप्प बसायला सांगतो, तेव्हा चारी बाजूंनी बारीक तडतड ऐकू येते. तव्यावर मोहरी फुटावी तशी. वितळणाऱ्या बर्फातून जुन्या काळात अडकलेली हवा सुटत असते.

झोडियाकमध्ये उतरण्याचीही पद्धत ठरलेली आहे. हाताला हात नाही, मनगटाला मनगट धरायचं, म्हणजे हातमोजा निसटला तरी पकड सुटत नाही. बोटीतून सरळ दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात. आणि किनाऱ्यावर पाय टेकण्याआधीच वास येतो. चित्रफितींत तो येत नाही, म्हणून पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला धक्का बसतो. क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या प्राण्यावर पेंग्विन जगतात. त्याच क्रिलमुळे त्यांच्या विष्ठेला गुलाबी रंग आणि सुकटीच्या बाजाराला लाजवेल असा दर्प येतो.

वसाहतीत मात्र नजर ठरत नाही. जेंटू गारगोट्यांचं घरटं रचतात. नर एकेक खडा चोचीत धरून आणतो, मादीसमोर ठेवतो, मान लववतो. शेजारचा तेवढ्यात मागून खडा पळवतो. गळ्याखाली काळी रेघ असलेले चिनस्ट्रॅप जास्त तिखट स्वभावाचे. किंग जॉर्ज बेटावरच्या चिनस्ट्रॅपांच्या मेंदूला संवेदक लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. घरट्यावर बसलेला पक्षी एका वेळी सरासरी चार सेकंदच झोपतो. पण अशा डुलक्या दिवसाला दहा हजारांहून जास्त घेतो आणि एकूण अकरा तासांची झोप पुरी करतो. अंड्यांवर डोळा ठेवून असलेले स्कुआ पक्षी आणि खडे चोरणारे शेजारी यांच्यामध्ये राहायचं तर एवढीच सवड मिळते.

(मुंबईच्या राणीच्या बागेत जे पेंग्विन पाहिले जातात ते हंबोल्ट जातीचे. त्यांचं मूळ गाव पेरू आणि चिलीचा किनारा. ते अंटार्क्टिकाचे रहिवासी नव्हेत.)

मऊ बर्फात माणसाचा पाय मांडीपर्यंत रुततो. तो उपसून काढला की मागे खड्डा राहतो. प्रवाशानं तो बर्फ ढकलून पुन्हा बुजवायचा असतो, कारण दोन-अडीच फुटांचा पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. दर वीस प्रवाशांमागे एक मार्गदर्शक असतो आणि त्याचं निम्मं लक्ष या खड्ड्यांवर असतं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण जॉर्जिया बेटांवर आणि २०२४च्या फेब्रुवारीत थेट द्वीपकल्पावर स्कुआ पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. तेव्हापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी खाली ठेवणंही बंद झालं आहे. जमिनीला लागायचे ते फक्त धुतलेले बूट.

मार्गावरची सगळ्यात विलक्षण जागा म्हणजे डिसेप्शन बेट. नकाशात ते घोड्याच्या नालेसारखं दिसतं. जागृत ज्वालामुखीचं तोंड खचलं, त्यात समुद्र शिरला, आणि आता एका अरुंद फटीतून जहाज थेट ज्वालामुखीच्या पोटात जातं. आत काळी वाळू, आणि ओहोटीच्या कडेला ती उकरली तर कोमट पाणी. किनाऱ्यावर गंजलेल्या प्रचंड टाक्या आणि मोडके बाष्पक उभे आहेत. १९१२ ते १९३१ या काळात इथे देवमाशांची चरबी उकळून तेल काढलं जाई. पुढे १९६७ ते १९७०च्या दरम्यान झालेल्या उद्रेकांनी तिथल्या संशोधन तळांचा निकाल लावला आणि राखमातीचा लोंढा जुन्या इमारतींवरून गेला. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. त्या आकड्याचा अर्थ पुस्तकात कळत नाही. त्या टाक्यांच्या सावलीत उभं राहिलं की कळतो.

अंटार्क्टिकाशी मराठी माणसाचं नातं आजच्या सहलींच्या आधीचं आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली मोहीम निघाली ती गोव्यातून, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही गोव्यातच, वास्कोला आहे. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या भारताच्या मोहिमांतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. अदिती पंत नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या समुद्रशास्त्रज्ञ. मैत्री आणि भारती हे आपले आजचे तळ पूर्व अंटार्क्टिकात आहेत, पर्यटकांच्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर. त्यामुळे मुंबई-पुण्याहून सहलीला गेलेल्यांना ते दिसत नाहीत.

ही सहल करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि इथे गोष्ट अवघड होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका हंगामात काही हजार प्रवासी येत. २०२३-२४ मध्ये ते १ लाख २० हजारांच्या पुढे गेले. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ‘आयाटो’ या संघटनेनं शिस्त लावली, हे मान्य केलंच पाहिजे. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं, पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला उतरायला मज्जाव, देवमाशांच्या पाण्यात ठरावीक भागांत १० नॉटची वेगमर्यादा. २०११ पासून या समुद्रात जड इंधन तेलावर बंदी आहे, ती आंतरराष्ट्रीय नियमानं. पण जहाजांची एकूण संख्या किती असावी, यावर आजही कुणाचं बंधन नाही. धुराड्यांची काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतं आणि लवकर वितळतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं २०१६ ते २०२० या काळासाठी हिशोब मांडला. दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ. खड्डा बुजवणाऱ्या, बूट धुणाऱ्या, पाच मीटर दूर उभ्या राहणाऱ्या त्या सद्हेतू माणसाच्या खात्यावर हे ८३ टन आहेत. पंचेचाळीस-पन्नास वर्षांत जवळपास ३ अंशांनी तापलेल्या या द्वीपकल्पावर अडेली पेंग्विन मागे हटताहेत आणि जेंटू दक्षिणेकडे सरकताहेत.

त्यामुळे या बंधनांची चर्चा कंपन्यांच्या हाती सोडून चालणार नाही, ती सरकारांनी करायला हवी. १९५९चा अंटार्क्टिक करार बारा देशांनी केला तेव्हा पर्यटनाचा फारसा विचार झाला नव्हता. २०२४च्या मे महिन्यात करारातल्या देशांची वार्षिक बैठक भारतात, कोचीला भरली. पर्यटनासाठी सर्वंकष नियमावली तयार करायला तिथे प्रथमच स्वतंत्र कार्यगट बसला. सगळ्यांच्या संमतीशिवाय तिथे काहीच ठरत नाही, म्हणून काम सावकाश चाललं आहे. जहाजं मात्र दर हंगामाला नवी येताहेत.

परतीच्या आधीच्या संध्याकाळी, बारा-साडेबारापर्यंत न मावळणाऱ्या उजेडात, जहाज एखाद्या उपसागरात थांबतं. पाण्यावर बुडबुड्यांचं एक वर्तुळ उमटतं, आवळत जातं, आणि त्याच्या मधोमध तोंड वासून हंपबॅक देवमासे वर येतात. बुडबुड्यांच्या जाळ्यात क्रिल कोंडायची ही त्यांची युक्ती. पन्नास फुटांचं अंग पुन्हा खाली जाताना शेपूट वर उचलली जाते. तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. जहाजावरचे जाणकार प्रवाशांचे फोटो गोळा करतात आणि ‘हॅपीव्हेल’ या जागतिक नोंदवहीत घालतात. कधी काही महिन्यांनी प्रवाशाला घरी निरोप येतो, की तुम्ही टिपलेली शेपूट कोलंबियाच्या किंवा पनामाच्या किनाऱ्यावर पुन्हा दिसली आहे. हिवाळ्यात पिलांना जन्म द्यायला हे देवमासे तिथवर जातात. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र कुठेच जात नाहीत. ते बाराही महिने इथेच राहतात आणि त्यांच्या शेपट्यांची वही अजून फार पातळ आहे.