ॲम्प्लिफायरच्या पाठीवरची दोन छिद्रं

गेवराई तालुक्यातलं तलवाडा त्वरितादेवीच्या मंदिरामुळे ओळखलं जातं. मी मात्र तिथे गेलो होतो एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला. अकरावीतला एक मुलगा इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. बोटं तयार होती, सूर पक्के होते. पण पायाजवळचं इको पेडल दाबलं की सगळा आवाज गढूळ व्हायचा. मंडपवाल्यानं पेडलला दोष दिला, मुलांनी वायरला, आणि एका सरांनी थेट वाजवणाऱ्याला. "एकेक सूर सुटा वाजव ना!" मुलगा सुटाच वाजवत होता. त्याचा चेहरा पडला. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन छिद्रं होती, ती रिकामीच होती. खरी भानगड तिथे होती.

गिटारचा ॲम्प्लिफायर म्हणजे एका खोक्यातले दोन ॲम्प्लिफायर. पहिला, प्रीॲम्प, गिटारकडून आलेला दुबळा विद्युत-संकेत मोठा करतो आणि त्याचा पोत ठरवतो. दुसरा, पॉवर ॲम्प, स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी शक्ती पुरवतो. रॉक संगीतातला तो खरखरीत, फाटलेला आवाज बहुतेक वेळा पहिल्या भागात तयार होतो. तिथे संकेत इतका मोठा केला जातो की त्याची शिखरं परिपथाच्या मर्यादेला आपटतात आणि सपाट होतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात. इको पेडलचं काम अगदी वेगळं. ते संकेत साठवतं आणि थोड्या वेळानं, थोडा हळू करून, मूळ संकेतात मिसळतं.

आता हिशेब करू. समजा, प्रीॲम्प १ व्होल्टच्या वरचं सगळं छाटतो. मोठा केल्यावर सूर ५ व्होल्टचा होतो आणि प्रतिध्वनी त्याच्या निम्मा, म्हणजे २.५ व्होल्टचा. पेडल प्रीॲम्पच्या आधी असेल तर दोन्ही छाटले जाऊन १ आणि १ व्होल्ट उरतात. प्रतिध्वनी मूळ सुराइतकाच मोठा झाला! पेडल प्रीॲम्पच्या नंतर असेल तर सूर १ व्होल्टचा आणि प्रतिध्वनी ०.५ व्होल्टचा. दूर जाणाऱ्या हाकेसारखा तो विरत जातो. पेडल तेच, ॲम्प्लिफायर तोच, फक्त क्रम बदलला. दळून चाळणं आणि चाळून दळणं एक नव्हे, तसंच हे.

पण नुसता मोठा प्रतिध्वनी म्हणजे गढूळपणा नव्हे. त्याचं उत्तर आठवीच्या बीजगणितात आहे. छाटणीऐवजी सोयीसाठी वर्ग करणारा परिपथ घेऊ. खरा परिपथ अधिक गुंतागुंतीचा असतो, पण मुद्दा तोच राहतो. मागच्या सुराचा प्रतिध्वनी अ आणि आत्ताचा सूर ब. दोघांचे वेगवेगळे वर्ग केले तर अ² + ब² मिळतात. आधी बेरीज करून वर्ग केला तर वर २अब येतं. ही २अब म्हणजे कोणीही न वाजवलेले सूर! दोन लहरींचा गुणाकार केला की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजेची आणि वजाबाकीची अशा दोन नव्या लहरी निघतात, हे त्रिकोणमिती शिकवणाऱ्यांना ठाऊक आहेच.

सा २४० हर्ट्झचा धरा. पंचम ३६०. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र सा. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. दोन्ही सुरेल! म्हणूनच रॉक गिटारवादक षड्ज-पंचमाची जोडी इतक्या हौसेनं वाजवतात. आता सा आणि कोमल रे, २४० आणि २५६. बेरीज ४९६. तार सा ४८० वर, तार कोमल रे ५१२ वर, आणि हा पाहुणा बरोबर दोहोंच्या मध्ये! वजाबाकी १६, ती सूर म्हणून ऐकूच येत नाही, नुसती थरथर जाणवते. मुलगा सुटे सूर वाजवत होता, पण प्रतिध्वनी त्यांना एकत्र आणून छाटणीत ढकलत होता.

सेंड आणि रिटर्न म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्यामध्ये उघडलेलं दार. याला इफेक्ट्स लूप म्हणतात. सेंडमधून पेडलच्या इनपुटला, पेडलच्या आउटपुटमधून रिटर्नला, अशा दोन वायरी जोडायच्या. इको आणि रिव्हर्ब या दारात ठेवावेत. वाह किंवा फझ गिटारजवळच, पुढच्या बाजूला बरे. डिस्टॉर्शनचंच वेगळं पेडल असेल आणि ॲम्प्लिफायर स्वच्छ वाजत असेल, तर लूपची गरज नाही. पायाजवळ इको डिस्टॉर्शननंतर जोडला की झालं. आणि आवाज पॉवर ॲम्पमध्येच फाटत असेल तर लूपचाही उपयोग नाही, कारण छाटणी दाराच्या पलीकडे होते.

काही ॲम्प्लिफायरांत लूप समांतर असतो, म्हणजे मूळ संकेत सरळ पुढे जातो आणि पेडलमधून आलेला त्यात मिसळतो. तिथे पेडलनं फक्त प्रतिध्वनीच द्यावा. डिजिटल पेडलमधून मूळ सूरही परत आला आणि त्याला १ मिलिसेकंद जरी उशीर झाला, तरी ५०० हर्ट्झचा सूर अर्धं आवर्तन मागे पडतो आणि सरळ आलेल्या सुराशी भिडून क्षीण होतो. १५००, २५०० यांचंही तेच. आवाज पोकळ लागतो. आणखी एक सावधगिरी: सेंडमधला संकेत गिटारपेक्षा बराच मोठा असू शकतो, लूपला पातळी कमी करायचं बटण असेल तर आधी ते कमी ठेवावं. स्पीकरचं आउटपुट मात्र पेडलला कधीही जोडू नये.

वर्गात गिटार नसली तरी चालेल. संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घेऊन पेटीवरचा सा आणि लगेच कोमल रे ध्वनिमुद्रित करा. एका प्रतीवर आधी इको मग डिस्टॉर्शन, दुसरीवर उलट क्रम. नावं न सांगता दोन्ही मुलांना ऐकवा.

तलवाड्यात मंडपवाल्याकडे आणखी एक वायर निघाली. पेडल लूपमध्ये जोडलं, मुलानं तीच धून पुन्हा वाजवली आणि सुराच्या मागे सूर सुटा ऐकू येऊ लागला. सर पुढच्या रांगेत येऊन बसले. स्पीकरची गुणगुण तेवढी राहिली. ती अर्थिंगची होती.