माळ्यावरच्या ध्वनिमुद्रिका : पारख, प्रत आणि रास्त भाव

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत किंवा जुने घर पाडून नवे बांधताना माळ्यावरून एखादी लाकडी पेटी खाली येते. तीत आजोबांच्या काळच्या तबकड्या असतात. ग्रामोफोन मात्र केव्हाच मोडीत गेलेला असतो. चंद्रपूर, वरोरा, मूल, ब्रह्मपुरी, वडसा येथील जुन्या व्यापारी घरांत अशी पेटी निघाली तर नवल नाही. दिवाळीनंतर रात्ररात्र जागून नाटके पाहणारा हा झाडीपट्टीचा मुलूख; नाट्यपदांची गोडी येथे नवी नाही.

पुढे बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. भंगारवाला पेटी वजनावर उचलून नेतो. किंवा घरातील तरुण मोबाईलवर कुठलीतरी मोठी किंमत पाहतो आणि प्रत्येक तबकडीला तोच भाव लावतो. पहिल्या प्रकारात घराचे नुकसान होते, दुसऱ्यात घराच्या शब्दाचे. दोन्ही टाळावयाचे तर विकण्यापूर्वी पारख शिकून घ्यावी लागते. धान्य, कापड आणि सोने यांची पारख पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांना ती अवघड जाऊ नये.

लाखेची की व्हिनाईलची?

जड, ताठ आणि हातातून निसटली तर काचेसारखी फुटणारी तबकडी ७८ फेऱ्यांची असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावते. ती चपडा, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून बनवीत. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे कीटक जो थर चढवितात, त्यापासून ती मिळते, आणि ही झाडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत आपण नित्य पाहतो. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे. लाखेच्या व्यापारापासून दूर राहिलेल्या घरांतही गाण्याच्या रूपाने लाख येऊन बसली, याचा विचार तबकडी हाती घेताना सहसा कोणी करीत नाही.

हलकी, किंचित लवणारी तबकडी व्हिनाईलची. ३३⅓ फेऱ्यांची एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आणि ४५ फेऱ्यांची लहान तबकडी १९४९ मध्ये आली. आपल्याकडे मात्र १९६०च्या दशकातही ७८च्या तबकड्या निघतच होत्या. म्हणून केवळ प्रकारावरून वर्ष सांगू नये.

हा भेद स्वच्छतेच्या वेळी सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवितो, हे आपण पाहिलेले असते. तेच स्पिरिट लाखेच्या तबकडीवर लावले तर तिचा पृष्ठभागही विरघळतो आणि स्वर कायमचा जातो. मऊ, कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढावी. लेबल ओले होऊ देऊ नये. शंका असल्यास तबकडी न पुसता आहे तशीच दाखवावी.

लेबल काय सांगते?

भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यापारी आरंभ १९०२ मध्ये कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. गाणे संपताच गायिका इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे, ते ऐकून तेथील कामगारांना ध्वनिमुद्रण कोणाचे हे कळे. आरंभीच्या या तबकड्यांवर एकाच बाजूला गाणे असे. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदह येथे कारखाना निघाला. पुढे एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, ट्विन अशी लेबले आली; मुंबईची ‘यंग इंडिया’ १९३५ पासूनची.

प्रत्येक तबकडीच्या तीन नोंदी वहीत कराव्यात : कंपनी, लेबलावरील क्रमांक, आणि खाचा संपून लेबल सुरू होण्यापूर्वीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक. एकच गाणे अनेकदा पुन्हा काढले जाई. पहिली आवृत्ती कोणती, याचा उलगडा या क्रमांकांवरून होतो. एचएमव्हीच्या एलपीवर ‘ईसीएलपी’ हे आद्याक्षर मोनोचे, तर ‘ईसीएसडी’ स्टिरिओचे असते. वेष्टनावर बारकोड छापलेला असेल तर ती प्रत १९६०च्या दशकातील नव्हे, हे निश्चित.

जुने ते दुर्मीळ नव्हे

‘शोले’च्या (१९७५) तबकड्या इतक्या खपल्या की साधी प्रत आजही सहज सापडते. उलट चरणजित सिंग यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी सिंथेसायझरवर वाजविलेल्या दहा रागांच्या एलपीला त्या वेळी फारसे ग्राहक मिळाले नाहीत. २०१०मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, जगभर तिची चर्चा झाली आणि मूळ प्रतीसाठी संग्राहक धडपडू लागले. प्रती किती उरल्या आणि मागणारे किती, यावर मोल ठरते, वयावर नव्हे.

प्रत कशी ठरवावी?

जगभरचे विक्रेते बहुधा अमेरिकेतील ‘गोल्डमाइन’ मासिकाची श्रेणी मानतात.

मिंट : सर्वार्थाने निर्दोष. ही श्रेणी क्वचितच द्यावी.
निअर मिंट : वाजविल्याच्या खुणा जवळजवळ नाहीत.
व्हीजी प्लस : बारीक रेषा दिसतात, ऐकण्यात सहसा बाधा येत नाही.
व्हीजी : शांत जागी खरखर ऐकू येते, ओरखडे नखाला लागतात.
गुड : सुई अडकत नाही, पण खरखर सतत असते. नाव ‘गुड’ असले तरी ही खालची प्रत आहे.
पुअर : तडा गेलेली, वाकलेली किंवा सुई अडकणारी.

तबकडी दिव्याखाली तिरपी धरावी. लाखेच्या तबकडीत केसाएवढा तडा आणि कडेचा टवका शोधावा. खाचा करड्या दिसल्या तर पोलादी सुईने त्या झिजल्या आहेत, असे समजावे. व्हिनाईल सपाट पृष्ठावर ठेवून वाक पाहावा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी हमखास वाकतात. पावसाळ्याची बुरशी वेष्टनावर आधी दिसते. म्हणून तबकडी आणि वेष्टन यांची प्रत वेगवेगळी सांगावी. शक्य असल्यास वाजवून पाहावे, आणि दोन श्रेणींत मन अडखळले तर खालची लिहावी.

विकणाऱ्याचा धर्म

तांदळाच्या व्यवहारात तुकडा किती, हे लपविणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. येथे तर घेणारा शेकडो कोस दूर असतो आणि केवळ आपल्या शब्दावर पैसे पाठवितो. तडा दिसणार नाही असे छायाचित्र काढणे, एका तबकडीला दुसरीचे चांगले वेष्टन घालणे, पुनर्मुद्रित प्रत पहिली म्हणून खपविणे यांना आपल्या परंपरेत नाव आहे : प्रतिरूपक व्यवहार, अचौर्याणुव्रताचा अतिचार. दोष आधी सांगितल्याने भाव थोडा उतरेल; पण माल परत येणार नाही आणि नावही राहील.

विकण्यापूर्वी दोन कामे अवश्य करावीत. मुंबईत १९९०पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था आहे. अशा जाणकारांना यादी दाखवावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांना एकदा जवळ बसवून ती पेटी दाखवावी. कोणती तबकडी कोणी, कोणत्या प्रसंगी आणली, हे त्यांनाच ठाऊक असते, आणि कोणती विकू नये हेही.