शहराचा स्वभाव कोणी ठरवायचा?



मुंबईला चार दिवस जाऊन आलेला माणूस परतल्यावर दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, तिथे गर्दी फार. आणि दुसरी, तिथल्या लोकांना माणुसकी नाही. ज्याने तीस-चाळीस वर्षे मुंबईत काढली तो मात्र शपथेवर सांगतो की, अशी माणुसकी दुसरीकडे सापडायची नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग एकाच शहराबद्दल असे दोन निकाल का लागतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पाहुण्याला शहर भेटते ते रस्त्यावर आणि स्टेशनावर. त्याने कुणाला पत्ता विचारला आणि तो गृहस्थ न थांबता हातानेच दिशा दाखवून पुढे गेला, की पाहुणा दुखावतो. आपल्याकडे पत्ता विचारणाराला आधी “कुणाकडचे पाहुणे?” असे विचारण्याची रीत. परंतु त्या गृहस्थाची गाडी चुकली तर कामावर उशिराची खूण पडते, आणि तशा चार खुणा जमल्या की पगारातून पैसे जातात, हे पाहुण्याला दिसत नाही. त्याने पाहिलेला तुटकपणा खरा आहे. पण तो स्वभावाचा नसून घड्याळाचा आहे.

आता त्याच गाडीत बसून पाहा. लोकलच्या बाकावर जागा तिघांची असते. चौथा आला की तिघे सरकतात आणि त्याला कडेला टेकायला जागा देतात. तिला ‘चौथी सीट’ म्हणतात. रेल्वेच्या नियमात ती नाही, पण अनोळखी माणसेही ती मानतात. पाहुण्याला ती चेंगराचेंगरी वाटते. रोजच्या प्रवाशाला तो आपला हक्क वाटतो.

लालबाग-परळच्या गिरणगावाबद्दलही हेच घडले. बाहेरून आलेल्याला चाळीतले अंधारे जिने आणि नळावरची भांडणे दिसत. आत राहणाराला खानावळवाली बाई दिसे. गावाकडे बायकापोरे ठेवून आलेला कामगार तिच्याकडे जेवे, आणि पगार होईपर्यंत हिशेब वहीत राही. संपाच्या दिवसांत अशा वहीवर माणसे जगली आहेत. ही वही रस्त्यावरून दिसत नाही.

तेव्हा रहिवाशाचेच खरे, असे कुणी म्हणेल. पण रहिवासी म्हणजे कोण? 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभरांपैकी ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे हे दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातल्या खेड्यांतून मुंबईत आले, आणि दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. बापूरावांनी शहराची शोभा आणि थाट गायिला. अण्णा भाऊंनी मलबार हिलची श्रीमंती आणि परळच्या कष्टकऱ्यांची दैना शेजारी शेजारी ठेवली. दोघेही बाहेरचेच, फरक पडला तो कोण कुठे उभे राहून पाहतो याचा.

आणि आतल्या माणसालाही न दिसणाऱ्या गोष्टी असतात. आम्ही चळवळीतली माणसे मोठ्या अभिमानाने सांगतो की, गिरणगाव म्हणजे एक कुटुंब होते. पण त्याच गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साचेखात्यात काम मिळत नसे. कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे, आणि त्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. जास्त मजुरीचे काम अशा रीतीने त्याला बंद होते. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाचा अन्याय स्पष्ट पाहणाऱ्या पुढाऱ्यांनाही तोवर स्वतःच्या पंक्तीतला अन्याय मागणी करण्याजोगा वाटला नव्हता. ज्याला पंक्तीबाहेर बसवले, त्यालाच ते कुटुंब किती मोठे आहे हे नेमके ठाऊक होते. रहिवाशांतही त्याची साक्ष वेगळी घ्यावी लागते.

निंदेप्रमाणे स्तुतीलाही जपले पाहिजे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, रस्त्यावर उभे राहून चहा-बिस्किटे वाटली. हे सारे खरे आणि गौरवाचेच. पण पाणी ओसरताच माणसे कामावर निघालेली पाहून मुंबईकराच्या हिंमतीचे जे पोवाडे झाले, ते ऐकून आम्हा संघटनेच्या लोकांना अवघडल्यासारखे झाले. रोजंदारीच्या माणसाला खाडा परवडत नाही. तो निघाला तो पोटासाठी. त्याच्या सोसण्यालाच संस्कृती म्हटले, की तुंबलेल्या नाल्याचा आणि बुजवलेल्या खाडीचा जाब विचारायला कुणी उरत नाही. अशी स्तुती बाहेरच्याला सोयीची असते आणि आतल्यालाही गोड लागते. म्हणूनच ती निंदेहून अधिक फसवते.

तेव्हा कुणी एखाद्या शहराच्या माणसांबद्दल निकाल सांगू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. ती माणसे तुला कुठे भेटली: घाईत की अडचणीत? त्या शहरात तू कोणत्या पंक्तीत बसला होतास? आणि तुझा निकाल खरा धरला तर कुणाची जबाबदारी टळते? पाहुण्याची नजर ताजी असते, रहिवाशाची मुरलेली असते. पाहुण्याने खानावळीची वही पाहावी, आणि रहिवाशाने आपल्या पंक्तीबाहेर कोण बसले आहे ते पाहावे.

हे तीन प्रश्न मुंबईपुरतेच नाहीत. आपल्या गावाच्या बाजारपेठेतही परगावाहून कामाला आलेली माणसे आहेत. आपले गाव प्रेमळ आहे असे आपण म्हणतो. ते त्यांना कसे वाटते, हे त्यांना एकदा विचारून पाहावे.