जबलपूरचे तलाव : साठवण आणि राखण

जबलपूर म्हटले की नर्मदा आठवते. परंतु ह्या नगराने आपली तहान केवळ नदीवर सोपविली नव्हती. येथे बावन्न ताल होते असे परंपरा सांगते. राणी दुर्गावतीच्या (मृत्यू १५६४) स्मृतीशी राणीताल निगडित आहे. चेरीताल तिच्या दासीच्या व आधारताल तिच्या आधारसिंह नामक मंत्र्याच्या नावाने ओळखला जातो.

येथे वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. अशा कठीण खडकात पाणी केवळ भेगांतून मुरते, म्हणून वाहते पाणी अडविणे अगत्याचे ठरते.

२४ एप्रिल २०२२ रोजी आरंभलेल्या ‘अमृत सरोवर’ मोहिमेत प्रत्येक जिल्ह्यात ७५ तलावांचे लक्ष्य ठरले व त्यांसाठी निरनिराळ्या सरकारी योजनांचा निधी वापरला गेला. तलावाचे किमान क्षेत्र १ एकर व साठवण सुमारे १०,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी लिटर, असे प्रमाण होते. माणशी रोज ५५ लिटर धरल्यास ५०० लोकांच्या वस्तीस दिवसाला २७,५०० लिटर पाणी लागते. म्हणजे हा साठा कागदावर जवळजवळ वर्षभर पुरावा. मात्र ऊन आपला वाटा घेते. पाण्याचा एक मीटर थर उडाला, तरी ४० लाख लिटर जातात व सात महिन्यांपुरतेच पाणी उरते. झिरपणारे पाणीही साठ्यातून कमी होते. पण ते सर्वस्वी वाया जात नाही, आसपासच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो.

गाळाचे तसे नाही. तळाशी १० सेंटिमीटर गाळ साचला की ४ लाख लिटरांची जागा, म्हणजे त्या वस्तीचे चौदा दिवसांचे पाणी, नाहीसे होते. तलाव एकदाच खोदावा लागतो. गाळ मात्र वारंवार काढावा लागतो. त्यासाठी वेगळा पैसा न ठेवल्यास पहिला खर्चही हळूहळू बुडतो. जबलपुरातील कित्येक तालांची नावे आता केवळ वस्त्यांना उरली आहेत.

मोठ्या धरणाचा हिशेब याहून व्यापक असतो. नर्मदेवरील बरगी धरणाचे काम १९७४ साली सुरू झाले व १९९० मध्ये जलाशय भरू लागला. सिंचन, वीज व पिण्याचे पाणी लाभले. परंतु १६२ गावे बाधित झाली. विस्थापितांची हानी हाही त्या पाण्याच्या मोलाचाच भाग होय.

सार्वजनिक पैसा खर्च करताना म्हणून तीन प्रश्न विचारावेत : पाणी किती साठेल, ते कोणाला मिळेल आणि दहा वर्षांनी गाळ कोण काढील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असेल, तरच पहिल्या दोहोंना अर्थ राहतो.