नेमकी बंदूक कोणती?

सहामाहीच्या आधीची गोष्ट. पॉइंट २२ रायफल खोलणे-जोडणे चालू होते. बोल्ट, मॅगझिन सगळे चादरीवर ओळीने मांडलेले. गंमत म्हणून मी एक मॅगझिन खिशात घातले. तास संपताना मोजणी झाली, एक कमी! उस्तादांनी कोणालाच सोडले नाही. मेसची घंटा होऊन गेली, तरी अख्खा वर्ग उभा. शेवटी मी ते काढून दिले आणि वर म्हणालो, "उस्ताद, बंदूक तर समोरच आहे, ही नुसती डबी." ते एवढेच म्हणाले, "हीसुद्धा हत्यारच आहे. कायदा वाच."

शिक्षा भोगून झाल्यावर वाचला. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या दुसऱ्या कलमातल्या व्याख्येत बंदुकीबरोबर तिचे सुटे भागही येतात, ते बनवायची यंत्रेसुद्धा. त्यामुळे बॅरल एकाने नेली, बोल्ट दुसऱ्याने नेला, म्हणून कोणी सुटत नाही.

अमेरिकेत वेगळीच तऱ्हा. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्याला जोडतात तो सांगाडा, हीच बंदूक मानली. नंबर त्याच्यावर. बॅरल, बट, मॅगझिन हे त्या कायद्यापुरते सुटे सामान. पण एआर-१५ रायफलीचा रिसीव्हर दोन तुकड्यांचा! नंबर खालच्या तुकड्यावर. ट्रिगर आणि हॅमर त्यात, बोल्ट मात्र वरच्यात. जुन्या नियमाला हे सगळे एकाच घरात हवे होते. त्यावरून खटले उभे राहिले आणि २०२२ मध्ये व्याख्या नव्याने लिहावी लागली.

मग आपल्याकडे एखादी स्प्रिंग सापडली तरी गुन्हा? तसेही नाही. कलम ४५ प्रमाणे, पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल तर किरकोळ भाग बाळगणाऱ्याला हा कायदा लागत नाही. हेतू काय होता, हे मात्र पकडले गेल्यावर पटवत बसावे लागते.

दारूगोळ्याच्या व्याख्येतही 'भाग' हा शब्द आहे. तो वाचला आणि पोटात गोळा आला. धाकट्या भावासाठी रेंजवरची एक रिकामी पुंगळी मी ट्रंकेत लपवली होती. संध्याकाळी ती उस्तादांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी काही विचारले नाही. रजिस्टर उघडले आणि जमा करून घेतली.