जिप्सीचे पाटे आणि नागझिऱ्याचा मुरूम

नागझिरा ही क्वाड बाईक उडवायची जागा नव्हे. इथे सोबत गाइड लागतो, रस्ता ठरलेला असतो आणि तो सोडून आडरानात चाक घालायची मुभा कोणालाच नाही. तरीही खडबडीत वाटेवरच्या गाडीचे सस्पेन्शन समजून घ्यायचे असेल, तर चोरखमारा किंवा पिटेझरी गेटवर पहाटे रांगेत लागणाऱ्या जिप्स्यांच्या खाली एकदा वाकून पाहावे. जंगल तेच आणि कंपनीही एकच, पण दोन गाड्यांची बुडे सारखी सापडणे कठीण. कोणाला एक पाटा जास्त, कोणाचे शॉकअप नवे, तर कोणाची पाटा चौकटीला जोडणारी शॅकल लांब केलेली.

१९७० साली अभयारण्य झालेले नागझिरा २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. मारुतीची जिप्सी १९८५ची. सुझुकीच्या एसजे-४१०ची ही लांब आवृत्ती; दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर २३७५ मिमी. पुढे-मागे सलग अॅक्सल आणि चारही कोपऱ्यांत कमानपाटे. १९९६मध्ये तेराशे सीसीचे इंजिन आले, पण पाटे तसेच राहिले. २०१९च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी गाडी बंद झाली. सफारीवाल्यांनी मात्र ती सोडली नाही, कारण वजनाला हलकी, दुरुस्तीला सोपी आणि वरून उघडी अशी दुसरी गाडी त्यांना पटकन मिळेना.

खरी अडचण ओझ्याची आहे. रिकामी जिप्सी साधारण हजार किलोची. त्यात चालक, गाइड आणि सहा पर्यटक बसले की पाचशे किलो सहज वाढतात आणि त्यातले बहुतेक मागच्या अॅक्सलवर येतात. मागच्या सीटा उंचावर बसवलेल्या असल्याने तोलही वर सरकतो. आणि सकाळच्या फेरीला सहा जण असतात, तर दुपारी कदाचित दोघेच.

क्वाडवाल्याची गोष्ट वेगळी. त्याची गाडी अडीच-तीनशे किलोची, बसणारा एकटा आणि त्याचे वजन ठाऊक. चांगल्या क्वाडच्या शॉकअपवर स्प्रिंगचा आधीचा ताण, दबताना होणारा विरोध आणि परतताना होणारा विरोध असे तिन्ही स्वतंत्रपणे फिरवता येतात. स्वार बसल्यावर गाडी किती खचते ते पट्टीने मोजायचे. चाकाच्या वरखाली होण्याच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खचली की ताण बरोबर. मग दोन्ही विरोधांचे बोल्ट एकेक टिचकी फिरवत, त्याच वाटेवर पुन्हापुन्हा गाडी नेत जुळवायचे. जिप्सीला असला एकही बोल्ट नाही. तिथे मेकॅनिकच्या हातात पाटे, शॉकअप आणि टायरमधली हवा एवढेच उरते.

पाट्यांपासून सुरुवात करू. मागची बाजू खचली की मालकाची पहिली मागणी असते, ‘एक पाटा वाढवा.’ इथेच बहुतेक गाड्या बिघडतात. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिमीच्या जागी सात मिमीचा पाटा घातला तर तो दीडपटीहून अधिक ताठ होतो. भरलेली गाडी मग सरळ उभी राहते खरी, पण दुपारी दोन पर्यटक घेऊन निघाली की मुरुमातल्या प्रत्येक दगडाची खबर त्यांच्या कण्याला मिळते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात. ही घासण स्वतःच हादरे जिरवते. पण त्यात लाल धूळ बसून ती कोरडी झाली की पाटे लहान खड्ड्यावर हलतच नाहीत, आणि मोठ्या खड्ड्यावर करकर वाजतात. जंगलात हा आवाज गाडीच्या पुढे धावतो. माझ्या मते सफारीच्या गाडीला मऊपणाहून शांतता अधिक मोलाची आहे. पाटे सोडवून, धुऊन, ग्रीस लावून बसवणे हे नवा पाटा घालण्यापेक्षा स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

शॉकअपकडून लोक भलतीच अपेक्षा करतात. तो वजन उचलत नाही. ते पाट्याचे काम. शॉकअप म्हणजे बंद तोंडाची पिचकारी. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. परतताना विरोध अधिक ठेवतात, कारण दबलेल्या पाट्यात साठलेला जोर एकदम सुटला तर मागचा माणूस सीटवरून उडतो. मात्र तो विरोध अति झाला तर सलग खड्ड्यांत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि गाडी दर धक्क्याला आणखी खचत जाते. रपट्यावरून चढताना आणि पाठोपाठच्या पन्हाळींत हे नेमके जाणवते. तेल तापले की पातळ होते, त्यात हवा मिसळली की फेसाळते. म्हणून नायट्रोजन भरलेले शॉकअप लांबच्या खडतर प्रवासाला टिकतात. सफारीत वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात असताना तेल तितके तापत नाही. ऑस्ट्रेलियन ‘ओल्ड मॅन एमू’सारखे महागडे संच हौशी जिप्सीवाल्यांना प्रिय आहेत आणि ते चांगलेही आहेत. पण नागझिऱ्यात गाडी बिघडते ती बहुधा शॉकअपच्या टोकाच्या रबरी बुशमुळे, आणि तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

गेलेला शॉकअप ओळखायला यंत्र लागत नाही. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेला धुळीचा थर दिसला की समजायचे. खात्री हवी तर काढून उभा धरावा आणि हाताने दाबावा. सगळीकडे सारखा दाटपणा हवा. मध्येच पोकळ गेला तर तो बाद, आणि जोडीतला दुसराही त्याच्याबरोबर बदलायचा. कोपरा दाबून गाडी किती वेळा डोलते ते पाहण्याची शहरी युक्ती इथे फसते, कारण कडक पाट्यांवर जिप्सी तशीही फारशी डोलत नाही.

टायरमधली हवा हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. खडीवर पहिला हादरा टायरच गिळतो. गेटवर पोहोचल्यावर चार-पाच पीएसआय कमी केले तर फरक लगेच कळतो. परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायची मात्र विसरू नये.

२०२३मध्ये आलेल्या मारुतीच्या पाच दरवाजांच्या जिम्नीत सलग अॅक्सल तसेच आहेत, पण पाट्यांच्या जागी गोल स्प्रिंगा आल्या. घासण गेली, त्यामुळे लहान खड्डे ती छान गिळते. पण छप्पर कापून, उंच सीटा टाकून आठ माणसे बसवण्यासाठी ती बनलेली नाही, म्हणून जुन्या जिप्स्या अजून फिरत आहेत आणि पाटे ठोकणाऱ्या हातांना काम आहे.

पुढच्या खेपेला नागझिऱ्याला जाल तेव्हा पाठीचे दुखणे असेल तर मागच्या चाकांवरची उंच सीट घेऊ नका, चालकामागची मागून घ्या. आणि गाडी करकरत असेल, तर परतल्यावर चालकदादांना पाटे धुवायला जरूर सांगा.