निनेव्हेचे दगड आणि होर्मुझ्द रस्सम

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत ज्यांचें जाणें झालें असेल त्यांनीं तेथील असीरियन शिलापट्ट पाहिलेच असतील. कुरळ्या दाढीचे हे पुरुष इतक्या दूर कोठून आले, असें मुलें विचारतात आणि वडील मंडळी पुढच्या दालनाकडे वळतात. खरी गोष्ट अशी कीं, गेल्यापूर्वींच्या शतकांत मोसूलहून लंडनास जाणारी दगडांची वाट मुंबईवरून होती. फुगविलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून शिल्पें बसऱ्यास येत, तेथून जहाजानें मुंबईस आणि मग इंग्लंडास. येथील गोदींत कांहीं पेट्या परवानगीवांचून उघडल्या गेल्या, लोकांनीं आंतील मौज पाहिली व कांहीं लहान वस्तु नाहींशा झाल्या, अशी उत्खननकर्त्या लेयार्डची तक्रार होती.

ऑस्टेन हेन्री लेयार्ड ह्यानें १८४५ च्या नोव्हेंबरांत निमरूद येथें खणण्यास आरंभ केला. १८४९ सालीं निघालेला त्याचा ग्रंथ हातोहात खपला आणि पुढें आगगाडीच्या उतारूंसाठीं त्याची संक्षिप्त आवृत्तिही निघाली. बायबलांत वाचलेलें निनेव्हे जमिनींतून वर आलें, ह्याचें तेथील भाविकांस केवढें अप्रूप! १८५३ त चार्ल्स कीन ह्यानें बायरनचें ‘सार्डनापॅलस’ नाटक लेयार्डच्या शिल्पांवरून देखावे रंगवून रंगभूमीवर आणलें. पुढल्या वर्षीं सिडनहॅमच्या स्फटिकमहालांत जेम्स फर्गसन ह्यानें असीरियन राजवाड्याची प्रतिकृति उभारली. अजिंठ्याच्या लेण्यांवर प्रथम व्यवस्थित लिहिणारा फर्गसन तो हाच.

ह्या जयघोषांत एक नांव मात्र दबून राहिलें. होर्मुझ्द रस्सम हा मोसूलचा ख्रिस्ती तरुण, जन्म १८२६ चा. मजुरांचा पगार वांटण्यासाठीं लेयार्डनें त्यास नेमिलें. पण मजुरांची भाषा, टोळ्यांचे रागलोभ आणि पाशांची मर्जी हें सर्व जाणणारा तोच होता. पुढें त्याच्याकडेच उत्खनन आलें. कुयुंजिक टेकडीचा उत्तर भाग, एके काळीं मुंबईच्या फौजेंत असलेल्या रॉलिन्सननें फ्रेंचांस देऊं केला होता. रस्समला नेमकें तेथेंच कांहीं असावें असें वाटे. १८५३ च्या डिसेंबरांत त्यानें रात्रीं चोरून खणण्यास सुरुवात केली. थोड्याच रात्रींत अशुरबानिपाल राजाचा महाल, सिंहाच्या शिकारीचे अजोड शिलापट्ट आणि मातीच्या पाट्यांचा ग्रंथसंग्रह हातीं लागला.

हें वर्तन सरळ म्हणावें काय? आम्हांस तें सर्वस्वीं निर्दोष वाटत नाहीं. परंतु तुर्की सुलतानाच्या मुलखांतील टेकडी दोन परक्यांनीं आपसांत वांटून घेतली, ह्याकडे दृष्टि दिली म्हणजे तेथेंच जन्मलेल्या माणसास एकट्यासच दोष देण्यास जीभ वळत नाहीं.

त्या पाट्यांपैकीं एकीवरील जलप्रलयाची कथा जॉर्ज स्मिथ ह्यानें १८७२ च्या ३ डिसेंबरास लंडनच्या सभेंत वाचून दाखविली. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होता. शतपथब्राह्मणांतील मनु आणि मत्स्याची गोष्ट जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही कथा परकी वाटणार नाहीं. एका वर्तमानपत्रानें अधिक शोधासाठीं एक हजार गिनी दिल्या, स्मिथ घरोघर माहीत झाला. पाट्या शोधणाऱ्याचें नांव मात्र फारसें कोणी घेतलें नाहीं.

रस्समचें नांव इंग्लंडांत गाजलें तें निराळ्याच कारणानें. तो त्या वेळीं मुंबई सरकारच्या ताब्यांतील एडन येथें नोकरीस होता. हबसाणच्या राजा थिओडोरकडे त्यास वकील म्हणून पाठविलें, आणि राजानें त्यालाच कैद केलें. १८६८ त मुंबईहून निघालेल्या नेपियरच्या फौजेनें मगदला येथें त्याची सुटका केली.

पुढें १८७९ त बाबिलोन येथें सायरस राजाचा प्रसिद्ध कोरीव लेख त्याच्याच उत्खननांत मिळाला. तरी म्हातारपणीं वॉलिस बज ह्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्यानें, ह्याच्या आप्तांनीं पाट्या बाहेर विकल्या, असें बोलून दाखविलें. रस्सम न्यायालयांत गेला आणि १८९३ त जिंकला. भरपाई मिळाली पन्नास पौंड. आपल्या शोधांची हकीकत त्यानें स्वतः लिहिली. ज्या देशाच्या संग्रहालयाची दालनें त्यानें भरलीं, तेथें नव्हे, तर अमेरिकेंत १८९७ सालीं ती छापली गेली. १९१० मध्यें ब्रायटनजवळच्या होव्ह येथें तो वारला.